नऊ खुर्च्या रिकाम्या आहेत, साहेब

प्रति,
मा. श्री. नरेंद्र मोदी,
पंतप्रधान, भारत सरकार, नवी दिल्ली

दिनांक १० मार्च २०२५

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका लहान गावची माजी सरपंच. २०१२ ते २०१७ अशी पाच वर्षं गावचा कारभार पाहिला. घरी चार एकर कोरडवाहू आहे, सोयाबीन आणि तूर निघते. बायकांच्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं. मी कुठल्या पक्षाचा बिल्ला लावत नाही आणि मत कुणाला देते ते घरातही सांगत नाही. म्हणून हे पत्र कुणी लिहवून घेतलं असं कुणी म्हणू नये.

परवा शनिवारी महिला दिनाचा तुमचा नवसारीजवळचा कार्यक्रम आम्ही गटातल्या सहा-सात जणींनी एकत्र बसून टीव्हीवर पाहिला. हेलिपॅडपासून मंचापर्यंत सगळा बंदोबस्त बायकांकडे होता. तुमची सोशल मीडियाची खाती त्या दिवशी काही कर्तबगार बायका चालवत होत्या. समोर लखपती दीदी बसल्या होत्या. आम्हाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आमच्यातली एक म्हणालीसुद्धा, "बघा, पंतप्रधानाचा जीव बायकांच्या हवाली."

मला एक खोड आहे. सरपंच झाल्यापासून लागलेली. कुठल्याही सभेचा, बैठकीचा, समितीचा फोटो दिसला की मी त्यातल्या बायका मोजते. टीव्ही बंद झाल्यावर मला ९ जून २०२४ ची संध्याकाळ आठवली. राष्ट्रपती भवनाच्या अंगणात तुमच्या तिसऱ्या सरकारचा शपथविधी चालला होता. शपथ देणाऱ्या द्रौपदी मुर्मू, म्हणजे बाईच. शपथ घेणारे तुमच्यासह ७२. त्या दिवशीही मी मोजलं होतं. सात.

सातांपैकी कॅबिनेट दर्जाच्या दोन: निर्मला सीतारामन आणि अन्नपूर्णा देवी. बाकी पाच जणी, अनुप्रिया पटेल, शोभा करंदलाजे, आमच्या रावेरच्या रक्षा खडसे, सावित्री ठाकूर आणि निमुबेन बांभणिया, या राज्यमंत्री. त्यांतल्या एकीलाही स्वतंत्र कार्यभार नाही.

तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, नवं सरकार आहे, मित्रपक्षांचा संसार आहे, सहा महिन्यांत विस्तार होईल आणि दुरुस्ती होईल. आता नऊ महिने झाले. बंदोबस्ताला बायका, खाती चालवायला बायका, समोर बसायला बायका, आणि बुधवारी मंत्रिमंडळाची बैठक भरते तिथं ३१ जणांत दोन. म्हणून लिहायला बसले.

हे मला इतकं का लागतं, ते आधी सांगते.

आमच्या नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पन्नास टक्के आरक्षणामुळे पाच जागा बायकांच्या झाल्या. सरपंचपदाची सोडत निघाली ती सर्वसाधारण महिला. मी बारावी शिकलेली, म्हणून नाव माझं पुढं आलं. "पुढं आलं" म्हणजे पारावर ठरलं. मला कळलं ते संध्याकाळी, भाकरी थापताना.

पहिले आठ महिने मी सरपंच नव्हतेच, सह्या करत होते. ग्रामसेवक प्रोसिडिंग बुक घरी पाठवायचे, मी हात पुसून जिथं फुली असेल तिथं सही करायची. बैठकीत माझ्या खुर्चीवर आमचे मालक बसायचे. लोक त्यांनाच सरपंच म्हणायचे आणि ते ओ द्यायचे. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे कबूल करते.

मग एका महिला सभेत, ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते म्हणून घेतलेल्या, एक म्हातारी उठली आणि म्हणाली, शाळेतल्या पोरींच्या संडासाला दार आहे, कडी नाही. एक पोरगी आत गेली की दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. सातवीच्या पुढच्या पोरी महिन्यातले चार दिवस शाळेतच येत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. दार होतं. रंगवलेलं होतं. त्यावर योजनेचं नाव, वर्ष आणि खर्च लिहिला होता. कडी नव्हती.

चार वर्षं ते दार तसंच होतं. त्या चार वर्षांत शाळा समितीनं पाहणी केली होती, तालुक्याचे साहेब येऊन गेले होते, मतदान त्याच शाळेत झालं होतं. ते वाईट लोक नव्हते. त्यांच्यातल्या कुणाला त्या दाराआड कधी बसावं लागलं नव्हतं, एवढंच. सुताराला बोलावून दोन कड्या लावल्या, दोनशे रुपयेही लागले नाहीत. त्या महिन्याचं प्रोसिडिंग मी पंचायतीत बसून, वाचून मग सही केलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत.

बाई खुर्चीवर बसली की गावात रामराज्य येतं, असं मी म्हणत नाही. सिमेंटचा पहिला रस्ता मीही आमच्याच आळीचा केला. विरोधकांनी बोंब मारली ती खरीच होती. बायका काही वेगळ्या मातीच्या नसतात. पण जे दार रोज उघडावं लागतं त्याची कडी कुठं आहे, हे त्यांना विचारावं लागत नाही. आता माझ्या तक्रारी.

पहिली. तुमच्याच तीन सरकारांची तुलना करते, दुसऱ्या कुणाची नाही. २६ मे २०१४ ला तुम्ही पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा कॅबिनेटमध्ये सहा बायका होत्या: सुषमा स्वराज, उमा भारती, नजमा हेपतुल्ला, मनेका गांधी, हरसिमरत कौर बादल, स्मृती इराणी. कॅबिनेट लहान होतं, तुमच्यासह २४ जणांचं. म्हणजे चौथा हिस्सा बायकांचा. निर्मलाताई तेव्हा स्वतंत्र कार्यभाराच्या राज्यमंत्री होत्या, त्या वेगळ्या. २०१९ ला कॅबिनेटमध्ये तीन. २०२४ ला कॅबिनेट वाढून ३१ झालं आणि बायका राहिल्या दोन. जुलै २०२१ च्या फेरबदलात एकूण बायका अकरा झाल्या होत्या, तेव्हा आम्ही पेढे वाटले नाहीत पण कौतुक केलं होतं, आमच्या दिंडोरीच्या भारतीताई पवार त्यातच आरोग्य राज्यमंत्री झाल्या होत्या. ते अकराही टिकले नाहीत. सहा, तीन, दोन. आमच्या गटाची बचत अशी उतरत गेली असती तर बँकेनं आम्हाला दारात उभं केलं नसतं.

आणि जमत नाही असंही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये तुम्ही निर्मलाताईंना संरक्षण खातं दिलं. सुषमाताई परराष्ट्र खात्यात होत्याच. सुरक्षेच्या समितीत माणसं पाच, आणि त्यात पावणेदोन वर्षं दोन बायका बसत होत्या. देशाच्या लष्कराचे निर्णय जिथं होतात तिथं पाचात दोन. हे तुम्हीच करून दाखवलं होतं. म्हणून तर जास्त बोचतं.

दुसरी तक्रार खात्यांची आहे, आणि ती माझ्या जास्त जवळची. गावातल्या बाईचा दिवस कोणकोणत्या खात्यांतून जातो ते पाहा. पाणी जलशक्तीचं. घरकुल, रोजगार हमी आणि बचत गट ग्रामविकासाचे. रान कृषीचं. पंचायत पंचायतराजची. गॅस पेट्रोलियमचा. जलशक्तीत मंत्री सी. आर. पाटील, राज्यमंत्री व्ही. सोमण्णा आणि राजभूषण चौधरी. ग्रामविकास आणि कृषी दोन्ही शिवराजसिंह चौहानांकडे, त्यांच्या हाताखाली एकीकडे चंद्रशेखर पेम्मासानी आणि कमलेश पासवान, दुसरीकडे रामनाथ ठाकूर आणि भागीरथ चौधरी. पंचायतराज ललन सिंहांकडे, राज्यमंत्री एस. पी. सिंह बघेल. पेट्रोलियमला हरदीपसिंग पुरी आणि सुरेश गोपी. पाच खाती आणि एकही बाई नाही. वरच्या खुर्चीत नाही, खालच्याही नाही.

यातून काय होतं? जलजीवन मिशन तुम्ही १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर केलं. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. योजना चांगली आहे, डोक्यावरचा हंडा उतरवणारी आहे, तिला नावं ठेवणार नाही. २०२४ पर्यंत व्हायची होती, या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ केली, तेही समजू शकते. पण आमच्या गावात नळाला पाणी येतं सकाळी साडेदहाला. साडेदहाला आमची बाई खुरपायला गेलेली असते. मग घरात कोण थांबणार? थोरली पोरगी. म्हणजे शाळा बुडाली. नळ किती घरांना जोडले हे खात्याच्या पडद्यावर रोजच्या रोज दिसतं म्हणे, पाणी आलं तेव्हा घरात कोण होतं हे कुठल्या रकान्यात भरायचं? हे दिल्लीतल्या बाईला आपोआप कळेल असं नाही. पण विचारावं असं तिला वाटण्याचा संभव जास्त आहे. आमच्या कडीसारखंच.

पंचायतराज खात्याचं तर मला हसूच येतं. २०१५ साली पंचायतराज दिनाला तुम्ही सगळ्या देशापुढं सांगितलं होतं की हा 'सरपंच पती' प्रकार बंद झाला पाहिजे. ते ऐकलं तेव्हा मी सरपंच होते. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी स्वतः चहा पाजला आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही स्वतः बसता तेच बरोबर. तुमच्या एका वाक्याचा असा उपयोग होतो. आज देशात सुमारे १४ लाख बाया पंचायतींत निवडून आलेल्या आहेत. त्यांच्या नवऱ्यांना खुर्चीवरून उठवायचं काम ज्या खात्याचं, त्या खात्यात बसलेले सगळे पुरुष.

उलट महिला व बालविकास खातं पाहा. २००६ मध्ये ते वेगळं झालं तेव्हापासून रेणुका चौधरी, कृष्णा तीरथ, मनेका गांधी, स्मृती इराणी, अन्नपूर्णा देवी. काँग्रेस असो की भाजप, त्या खात्याला बाईच. आज त्याच्या राज्यमंत्रीही सावित्री ठाकूर. म्हणजे सातांपैकी दोघी एकाच खात्यात. अंगणवाडी, पोषण आहार, लेकरंबाळं हे पुरुषाला जमत नाही का? एखाद्या पुरुष मंत्र्याकडे ते खातं द्या एकदा, अंगणवाडीताईच्या मानधनाची फाईल त्यालाही वाचू द्या. आणि तिथून सुटलेली बाई कृषी भवनात पाठवा.

तिसरी तक्रार दर्जाची. राज्यमंत्री म्हणजे काय हे गावात सांगायचं तर मी उपसरपंच म्हणून सांगते. गाडी असते, पाटी असते, उद्घाटनाला नारळ असतो. काम मात्र सरपंच देईल तेवढं. राज्यमंत्र्यानं काय पाहायचं हे कॅबिनेट मंत्री ठरवतो, आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीला बोलावणं आलं तरच जाता येतं. सातांपैकी पाच बायका या दर्जाच्या.

रक्षाताई खडसे माझ्या ओळखीच्या नाहीत, पण त्यांचं मला अप्रूप आहे, कारण त्याही कोथळीच्या सरपंच होत्या. सरपंच, मग जिल्हा परिषद, मग २०१४, २०१९, २०२४ असं तीनदा लोकसभा. आज त्या युवक कल्याण आणि क्रीडा खात्यात राज्यमंत्री आहेत. महाराष्ट्रातून तुमच्याकडे सहा मंत्री: नितीन गडकरी आणि पीयूष गोयल कॅबिनेट, प्रतापराव जाधव स्वतंत्र कार्यभाराचे, आणि रामदास आठवले, रक्षाताई, मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. मोहोळ पहिल्यांदाच निवडून आले आणि त्यांच्याकडे सहकार आणि विमान वाहतूक अशी दोन खाती. त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, पुण्याचे लोक काय ते पाहतील. पण तीनदा निवडून आलेली बाई आणि पहिल्यांदा आलेला पुरुष एकाच पायरीवर असतील तर वर चढायला बाईला किती वेळा निवडून यावं लागतं, एवढं सांगा.

चौथी तक्रार सगळ्यात मोठी आहे. नारीशक्ती वंदन अधिनियम. १९ सप्टेंबर २०२३, गणेश चतुर्थीचा दिवस. आमच्याकडे गणपती बसवून आम्ही टीव्हीपुढं बसलो होतो. नव्या संसद भवनात मांडलेलं पहिलंच विधेयक ते. १९९६ पासून लोंबकळलेलं. लोकसभेत ४५४ विरुद्ध दोन, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना. गटातल्या बायकांनी त्या दिवशी एकवीस मोदक जास्त केले.

मग पेपरात खालचं वाचलं. आधी जनगणना, मग तिच्यावरून मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. २०२१ ची जनगणना अजून झालेली नाही. म्हणजे मोदक खाऊन झाले आणि पंगतीत पान कधी मांडणार ते कुणालाच माहीत नाही.

ठीक आहे. घटनेचं काम असेल, मतदारसंघ फिरवायचे असतील, त्याला वेळ लागेल. पण साहेब, मंत्रिमंडळाला जनगणना लागत नाही. फेररचना लागत नाही. घटनादुरुस्ती नको, दोन तृतीयांश बहुमत नको, कुणाच्या मतदारसंघाला धक्का नको. घटनेचं ७५ वं कलम सांगतं की पंतप्रधानांच्या सल्ल्यानं राष्ट्रपती मंत्री नेमतात. तुम्ही यादीवर सही करायची, बस. देशात बायकांना एक तृतीयांश वाटा देण्याचा अधिकार जर कुठं एका माणसाच्या हातात असेल तर तो इथं आहे, आणि तो माणूस तुम्ही आहात. जे संसदेकडून जवळजवळ एकमतानं मागून घेतलं, ते स्वतःच्या यादीत का नाही दिलं?

आता तुमच्या बाजूनं जी उत्तरं येतील ती मला ठाऊक आहेत, पंचायतीत मी सगळी ऐकली आहेत.

मित्रपक्षांमुळे अडचण झाली म्हणाल. कॅबिनेटमध्ये मित्रपक्षांचे पाच मंत्री आहेत आणि पाचही पुरुष, हे खरं. ते पाच आणि तुम्ही स्वतः वगळता तुमच्या पक्षाचे उरतात पंचवीस. त्या पंचविसांत दोन बायका. त्याला नितीशकुमार किंवा चंद्राबाबू काय करणार?

निवडून आलेल्या बायकाच कमी म्हणाल. २०२४ च्या निवडणुकीत लोकसभेवर ७४ बायका निवडून आल्या, त्यातल्या ३१ तुमच्या पक्षाच्या, राज्यसभेतल्या वेगळ्याच. शिवाय मंत्री व्हायला आधी खासदार असावंच लागतं असं नाही, सहा महिन्यांत व्हावं लागतं. जयशंकर साहेब २०१९ मध्ये आधी मंत्री झाले, राज्यसभेत नंतर गेले. गेल्या जूनमध्ये रवनीतसिंग बिट्टू लुधियानात हरले, तरी त्यांना मंत्री केलंत आणि पुढं राज्यसभेवर आणलंत. नियमात बसतं, माझं काही म्हणणं नाही. पण हरलेल्या पुरुषासाठी जी वाट निघते ती एखाद्या हुशार बाईसाठीही काढा. डॉक्टर आहेत, शेतीतल्या शास्त्रज्ञ आहेत, निवृत्त जिल्हाधिकारी आहेत. राजकुमारी अमृत कौर पहिल्या मंत्रिमंडळात एकट्याच बाई होत्या, पण आरोग्य खातं त्यांनी दहा वर्षं असं सांभाळलं की दिल्लीचं एम्स उभं राहिलं. एकटी बाई एवढं करू शकते तर दहा काय करतील.

गुणवत्ता पाहतो, बाई-पुरुष पाहत नाही, असंही कुणी म्हणेल. हे उत्तर मला सगळ्यात आवडतं. मंत्रिमंडळ करताना राज्य पाहतात, जात पाहतात, मित्रपक्ष पाहतात, पुढच्या वर्षी निवडणूक कुठं आहे ते पाहतात. शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पेपरात इतके ओबीसी, इतके दलित, इतके आदिवासी असा तक्ता येतो, आणि यावा, त्यात गैर काय? बायकांची पाळी आली की तेवढी गुणवत्ता आठवते.

आणि जागाच नाही म्हणाल तर हिशेब मी करून ठेवला आहे. वाजपेयींच्या काळात, २००३ साली, ९१ वी घटनादुरुस्ती झाली. मंत्र्यांची संख्या पंतप्रधान धरून लोकसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त नको. ५४३ चे पंधरा टक्के म्हणजे ८१. तुमचे ७२. नऊ खुर्च्या रिकाम्या आहेत, साहेब. कुणालाही न उठवता, कुणालाही न दुखवता नऊ बायका उद्या बसू शकतात.

विरोधी पक्षवाल्यांनी हे वाचून टाळ्या वाजवू नयेत. २००९ च्या काँग्रेस आघाडीच्या मंत्रिमंडळातही कॅबिनेट दर्जाच्या तीनच होत्या: ममता बॅनर्जी, अंबिका सोनी, कुमारी शैलजा. आणि आमच्या मुंबईनं तर तोंड लपवावं. परवाच्या डिसेंबरात मंत्रिमंडळ झालं, ४२ जणांत चार बायका. महाराष्ट्राला आजवर एक बाई मुख्यमंत्री मिळाली नाही, शेजारच्या गोव्यात शशिकलाताई काकोडकर १९७३ सालीच झाल्या होत्या. मुंबईला वेगळं पत्र लिहिणार आहे. तुम्हाला आधी लिहिलं, कारण तुमची यादी पाहून खालचे आपापल्या याद्या करतात.

आमच्या भागातलं एक उदाहरण देते आणि मागण्यांवर येते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी देशभर गेली. ऐन तिशीत गर्भपिशवी काढून टाकलेल्या बायका. कारण कोयता थांबला की खाडा, खाड्याचा दंड, आणि फडात ना आडोसा ना पाणी. हा प्रश्न एका खात्याचा नाही. साखर कारखाना एकीकडे, मजूर दुसरीकडे, दवाखाना तिसरीकडे, पाणी चौथीकडे. असे प्रश्न जोडले जातात ते फक्त मंत्रिमंडळाच्या टेबलावर, कारण तिथंच सगळी खाती एकत्र बसतात. आरोग्यात अनुप्रियाताई आणि श्रम खात्यात शोभाताई आहेत, पण राज्यमंत्री म्हणून. त्या टेबलाला त्यांची कायमची खुर्ची नाही. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडलं त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल रखडलं हे एक होतं. बायकांच्या प्रश्नावर खुर्ची सोडणारा माणूस त्या टेबलापाशी बसून गेलेला आहे. आम्ही तर कुणाला खुर्ची सोडायलाही सांगत नाही.

मागण्या चारच आहेत.

रिकाम्या नऊ जागा भराल तेव्हा सगळ्या बायकांमधून भरा.

पुढच्या फेरबदलात कॅबिनेट दर्जाच्या बायका किमान दहा करा. तुमच्याच कायद्यातला एक तृतीयांश, जास्त नाही.

ग्रामविकास, पंचायतराज, जलशक्ती आणि कृषी यांपैकी निदान दोन खाती बाईकडे द्या, राज्यमंत्री म्हणून नाही तर मंत्री म्हणून. आणि ज्या राज्यमंत्री आहेत त्यांना कोणतं काम दिलं आहे ते लेखी जाहीर करा, म्हणजे आम्हाला कळेल फाईल कुणाकडे अडली.

जनगणना कधी सुरू होणार त्याची तारीख सांगा. पंगत कधी बसणार ते कळलं की आम्ही हात धुऊन येऊ.

गेल्या लोकसभेला बायकांचं मतदान ६५.७८ टक्के झालं, पुरुषांचं ६५.५५. म्हणजे रांगेत आम्ही थोड्या पुढं होतो. आमच्या गावात तर त्या दिवशी उन्हाचा कहर होता आणि बायका दुपारी रानातून परस्पर मतदानाला आल्या, पदर ओला करून डोक्यावर घेऊन.

उत्तर मराठीत आलं तर बरं, हिंदीत आलं तरी वाचता येतं. पत्र उद्या तालुक्याच्या पोस्टातून रजिस्टरनं टाकते. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची आहे, म्हणून काल सध्याच्या सरपंचबाईंकडे गेले होते. त्यांचे मालक ओसरीवर बसले होते. म्हणाले, कशाला असल्या भानगडी. बाई आत गेल्या आणि फळ्याच्या कुलपाची किल्ली आणून माझ्या हातात दिली.

आपली,
एक माजी सरपंच